आमच्या चारशेसातचा सेल्फ

डिसेंबरपासून आमच्या गाडीला खोड लागली होती. किल्ली फिरवली की एकच 'टक्', पुढे काही नाही. पुन्हा फिरवा, पुन्हा 'टक्'. चौथ्या-पाचव्या वेळी एकदम घुर्रर्र करून चालू. चार-चार दिवस काही तक्रार नाही आणि मग पहाटे तीनला, इंदूरच्या चोइथराम मंडीत बटाट्याची पोती भरून झाल्यावर, मागे गाड्यांची रांग हॉर्न वाजवत असताना नेमकं 'टक्'.

गाडी २००६ची टाटा ४०७. हे गेल्यापासून भाडं आणि हिशेब मी बघते, स्टिअरिंगवर आमचे बुऱ्हाणपूरचे भाऊ. वीस वर्षं या गाडीने घर चालवलं आहे, तिला भंगारात काढायचा विचारही मला करवत नाही.

आधी बॅटरी बदलली. फरक शून्य. मग देवास नाक्यावर सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर, उतरवून दिला. मोटरला करंट पोचवणारे कार्बन नवे, बुश नवे, मोटरचा करंट जोडणारा सोलेनॉइडही नवा. टेबलावर लावून दाखवला तेव्हा झकास फिरला. गाडीवर चढवला, आठ दिवस बरे गेले आणि नवव्या दिवशी 'टक्'. दुसऱ्यांदा उतरवला, पुन्हा टेबलावर झकास. एव्हाना भाऊ खरगोनच्या खेपेला मानपूरला चहासाठी थांबले तरी इंजिन बंद करत नव्हते. वजनकाट्यावरही चालूच. रात्री गाडी उतारावर, चाकाखाली दगड. मला म्हणाले, "वहिनी, हातोडीने ठोकून काही होत नाही. पण दोघांनी गाडी हलवली की कधी कधी घेते."

या वाक्यावर मी अडखळले. कार्बन झिजले असतील तर सेल्फला ठोकल्यावर ते जागेवर बसतात आणि तो फिरतो. इथे ठोकून उपयोग नाही, अख्खी गाडी हलवली की होतो. म्हणजे कुठेतरी एखादा जोड सैल आहे आणि तो सेल्फच्या आत नाही.

मी होळकर कॉलेजची बी.एस्सी. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला ओहमचा नियम पन्नास वेळा तपासला असेल. डिझेल इंजिन फिरवायला सेल्फ काही शे अँपिअर ओढतो. वाटेत नुसता ०.०१ ओहमचा अडथळा असला तरी ३०० अँपिअरला ३ व्होल्ट तिथेच जातात. मल्टीमीटर ओहमवर ठेवून हे कळत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. मोजायचं असेल तर करंट वाहत असतानाच, आणि व्होल्टमध्ये.

रविवारी सकाळी मीटर घेऊन खाली उतरले. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन बंद करायची दांडी भाऊंनी ओढून धरली, म्हणजे सेल्फ फिरला तरी इंजिन चालू होणार नाही. बॅटरी १२.६ व्होल्ट. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, केबलच्या टोपीवर नाही, थेट खुंटीवर. लाल वायर सेल्फच्या अंगावर. किल्ली फिरवली. सहा वेळा सेल्फ फिरला, सातव्यांदा 'टक्' झालं आणि मीटरवर ७ च्या वर आकडा आला. तिथे पाव व्होल्टही जास्त समजायचा! बॅटरीचे बारापैकी सात व्होल्ट परतीच्या वाटेवरच, म्हणजे सेल्फकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे येतानाच, संपत होते. सोलेनॉइडला थोडाच करंट लागतो, म्हणून तो 'टक्' करायचा. मोटरने खरा करंट मागितला की उरलेल्या चार-पाच व्होल्टात तिचं पाऊल उचलत नव्हतं.

खात्रीसाठी जंपर केबलचं एक टोक निगेटिव्ह खुंटीला, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला लावलं. पहिल्या किल्लीला घेतली. दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा.

दोष निघाला गिअरबॉक्सपासून चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत. करंट याच वाटेने बॅटरीकडे परततो. बोल्ट घट्ट होता, म्हणून कोणी खोलून बघितला नव्हता. मी खोलायला लावला तर पट्टीच्या डोळ्याखाली, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीखाली, काळा रंग. दसऱ्याच्या पूजेआधी मीच चासी रंगवून घेतली होती. रंगवताना पट्टी काढली आणि नंतर रंगावरच आवळली. वर विणलेल्या तांब्याच्या अर्ध्या तारा डोळ्यापाशी तुटलेल्या. थंडीत ऑइल घट्ट होतं, सेल्फला जोर जास्त लागतो, म्हणून डिसेंबरात हे उघडं पडलं. टेबलावर सेल्फ चांगलाच दिसणार, तिथे त्याला जाड केबल आणि चकचकीत लोखंड मिळतं. देवास नाक्यावरच्या कारागिरांनी काम वाईट केलं नाही, त्यांच्यासमोर गाडी नव्हती, नुसता सेल्फ होता.

निगेटिव्ह केबल आधी काढली. दोन्ही जागा पॉलिश पेपरने लोखंड चमकेपर्यंत घासल्या, नवी जाड पट्टी दातेरी वॉशर घालून आवळली आणि मग वरून ग्रीस. आधी ग्रीस लावायचं नाही. निगेटिव्ह केबल सगळ्यात शेवटी. पट्टीला लागले साडेचारशे रुपये. दोन वेळच्या सेल्फच्या कामाचा आणि नव्या बॅटरीचा आकडा इथे लिहवत नाही.

आता त्याच जागी मीटर ०.१५ दाखवतो आणि सेल्फ फिरताना बॅटरी १०.४ वर टिकते. पॉझिटिव्हच्या बाजूनेही, म्हणजे बॅटरीच्या खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत, असंच मोजता येतं. तिथे अर्ध्या व्होल्टाच्या आत हवं. दोन्ही बाजू ठीक असूनही सेल्फ फिरला नाही, तरच तो उतरवायला सांगा.

परवा भाऊंनी मंडीत वजनकाट्यावर इंजिन बंद केलं. मला मुद्दाम फोन करून सांगितलं.