चाकातला चीक

दुपारी बाल्कनीतले कपडे काढायला गेलो. पुण्यात जुलैत कपडे वाळत नाहीत, नुसते लटकतात. दोरीवर जागा नव्हती म्हणून एक टॉवेल सायकलीच्या हँडलवर टाकला होता. तो ओढला तसं पुढचं चाक गर्रकन फिरलं आणि टायरच्या आत काहीतरी टप्‌कन पडलं. पुन्हा फिरवलं. पुन्हा टप्‌.

ट्यूबलेसवाल्यांना या आवाजाचा अर्थ सांगायला नको. टायरमधला सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, वाळून त्याची गोळी झाली. शेवटचा सीलंट होळीच्या आसपास घातलेला, मग एप्रिल-मेचं ऊन याच बाल्कनीत खाल्लं, आणि पाऊस लागल्यापासून सायकल भिंतीवरच्या ब्रॅकेटला टांगलेली. व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे हवा अडवणारा आतला भाग, काढून उदबत्तीची काडी आत घालून पाहिली. कोरडी ठाक बाहेर आली.

तसं मला माहीत नव्हतं असं नाही. टांगून ठेवलेल्या ट्यूबलेसचं चाक आठ-पंधरा दिवसांनी फिरवायचं, व्हॉल्व्ह तळाशी राहू द्यायचा नाही, हवा पार उतरू द्यायची नाही. हे सगळं मी दुसऱ्यांना मोठ्या तोंडाने सांगतो. आमच्या घरी हे शास्त्र खरं तर आईला आधीपासून ठाऊक होतं. कैरीचं लोणचं घातलं की ती रोज सकाळी आंघोळ झाल्यावर, कोरड्या हातांनी बरणी उघडून फोडी वरखाली करायची. खार तळाशी बसला की वरच्या फोडी उघड्या पडतात, त्यांनाच आधी बुरशी. चाकातही तेच. सगळा द्रव खालच्या बाजूला साचतो, वरचा अर्धा टायर उघडा. फरक एवढाच की लोणचं मुरतं, सीलंट मरतो.

नवा सीलंट ओतताना अमोनियाचा भपकारा आला. सीलंटमधला रबराचा चीक पातळ राहावा म्हणून तो घालतात. चीक म्हटल्यावर फणस आलाच. आजोळी फणस फोडताना हाताला आणि सुरीला खोबरेल चोपडायचे. आम्ही मुलं घाई करायचो आणि मग दोन दिवस बोटं एकमेकांना चिकटून. आता दोडामार्गाकडे रबराच्या बागा आहेत, झाडाला बांधलेल्या वाटीत पांढरा चीक ठिबकत असतो. माझ्या चाकात तोच, बाटलीतून आणि बऱ्याच महाग.

पंक्चरच्या दुकानात घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणं हा आमच्या लहानपणी करमणुकीचा भाग होता. बुडबुडा आधी कोणाला दिसतो यावर पैजा लागत. दुकानदार भोकावर बोट ठेवायचा, कानसने घासायचा, सॉल्युशन लावून फुंकर मारायचा, आणि ठिगळ चिकटेपर्यंत आमची चौकशी करायचा. आता टायर स्वतःच भोक बुजवतो, कोणी काही विचारत नाही.

आणि तेव्हा सायकल टांगायची कोणी? पावसाळ्यात सीटला प्लॅस्टिकची पिशवी बांधली की झालं. मागच्या चाकाने पाठीवर चिखलाची सरळ रेघ ओढली जायची आणि वर्गात एकूण एक शर्ट तसलाच असायचा. सायकलीचं हवेचं टायर केलं ते बेलफास्टच्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरने, मुलाच्या तीनचाकीला हादरे कमी बसावेत म्हणून, पेटंट 1888चं. पोरगं सायकल चालवत होतं म्हणून बापाला टायर सुचला. माझी तर भिंतीवर.

असो. गोळी काढली, चांगली लिंबाएवढी नाही, पण आवळ्याएवढी होती. 60 मिलिलीटर ओतलं, कडेला साबणाचं पाणी लावलं, पंप मारला. तीन वेळा फुसकुली, चौथ्यांदा कडा रिममध्ये ठाप्‌ ठाप्‌ बसल्या. चाक फिरवलं, आतून आता नुसती चुळबुळ ऐकू आली.

मान वर केली तर चक्क ऊन. रस्ता मधोमध वाळायलाही लागला होता. पण हात चिकट, म्हणून खोबरेल शोधायला स्वयंपाकघरात गेलो. बाटली सापडून हात सुटेपर्यंत पर्वतीच्या बाजूने पुन्हा भरून आलं.

टॉवेल ओलाच होता. परत हँडलवर टाकला.