तुम्ही विचारलंत म्हणून: रग्बी लीगनं पोट भरतं का?

माझा मुलगा इथं इंग्लंडात रग्बी लीग खेळतो हे कळलं की लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला मोठ्यानं: "लागत नाही का त्याला?" दुसरा जरा आवाज उतरवून: "पण पुढे यात काही आहे का हो? म्हणजे, पोट भरतं का?" गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत विचारतात, सांगलीहून काका व्हिडिओ कॉलवर विचारतात, नव्यानं यॉर्कशरला आलेले आयटीवाले तर पहिल्याच भेटीत विचारतात. दरवेळी मी दोन वाक्यांत बोळवण करतो. आज नीट सांगतो.

या प्रश्नाचा मला राग येत नाही. एक तर माझा धंदाच दुसऱ्यांचे पगार काढायचा, त्यामुळे कोणाला किती मिळतं हा प्रश्न मला कधी असभ्य वाटलेला नाही. दुसरं, मी राहतो हडर्सफील्डला, आणि हा सगळा खेळ याच गावात, याच प्रश्नावरनं सुरू झाला.

आधी कुठली रग्बी ते सांगतो. 2025 मध्ये अंधेरीत रग्बी प्रीमियर लीग झाली, तेव्हा काकांनी त्याचे व्हिडिओ पाठवून "तुमचा खेळ आला मुंबईत" असं लिहिलं होतं. तो आमचा नव्हे. ती युनियनची सात-सात जणांची छोटी आवृत्ती. पंधरा जणांची ती रग्बी युनियन, तेरा जणांची ती रग्बी लीग. लीगमध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरचे दोघं-तिघं धरून खाली पाडतात. तो उठतो, पायानं चेंडू मागे सारतो, की लगेच दुसरा धावतो. असं सहा वेळा. सहाव्यांदा पकडलं की चेंडू समोरच्या संघाला. सांगलीच्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे: कबड्डीतली पकड, पण गडी शंभर किलोचा, दहा पावलं लांबून पळत आलेला, आणि हे ऐंशी मिनिटं. मधल्या फळीतला खेळाडू एका सामन्यात तीस-चाळीस पकडी सहज करतो.

आता पोटाचं. 1890 च्या आसपास यॉर्कशर आणि लँकशरमधले रग्बीपटू म्हणजे खाणकामगार, गिरणीकामगार, गोदीवाले. शनिवारी दुपारपर्यंत काम असायचं. बाहेरगावी सामना असला की सकाळची पाळी बुडवून गाडी पकडावी लागे, आणि बुडलेल्या पाळीचा पगार कापला जाई. उत्तरेकडच्या क्लबांचं मागणं अगदी साधं होतं: खेळण्याचे पैसे नकोत, बुडालेली मजुरी तेवढी भरून देऊ द्या. 1893 मध्ये रग्बीच्या मुख्य संघटनेच्या लंडनच्या सभेत ही मागणी 282 विरुद्ध 136 मतांनी फेटाळली गेली. ज्यांनी फेटाळली त्यातल्या बऱ्याच जणांना शनिवारी सुट्टीच असे. मग 29 ऑगस्ट 1895 ला उत्तरेचे क्लब इथल्या जॉर्ज हॉटेलात जमले आणि वेगळे झाले. 22 क्लबांनी नवी संघटना सुरू केली, तिचीच पुढे रग्बी लीग झाली, आणि दिवसाला सहा शिलिंग भरपाई ठरवली. हॉटेल स्टेशनाला लागूनच आहे. रोज लोकल पकडताना मी त्याच्या समोरनं जातो आणि दर वेळी वाटतं, जगात दुसरा कुठला खेळ खाड्याच्या पगारावरनं जन्माला आला असेल?

पुढचा भाग मला, पगारवाला म्हणून, फार आवडतो. 1898 मध्ये उघडपणे पैसे द्यायला परवानगी मिळाली, पण एक अट घालून: खेळाडूला मैदानाबाहेर खरीखुरी नोकरी हवी. नुसत्या खेळावर जगणारा चालणार नाही. बिलियर्डच्या अड्ड्यावरचं किंवा दारूच्या दुकानातलं काम नोकरीत धरत नसत. नोकरी सुटली तर खेळणंही बंद. म्हणजे आपल्याकडे कबड्डीपटू चांगला खेळला की बँकेत, रेल्वेत, पोलिसात कोट्यातून नोकरी लागते. इथं नोकरी असेल तर खेळता येई. काही वर्षांनी ती अट गेली, पण सवय गेली नाही. तिकडे सिडनीत 1907 मध्ये अ‍ॅलेक्स बर्डन नावाचा न्हावी युनियन खेळताना जखमी झाला. हात चालेना म्हणून दुकान बंद, भरपाई शून्य. ऑस्ट्रेलियात लीग सुरू होण्यामागच्या कारणांत त्याचं नाव आजही घेतात.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं लीगचा 'व्यावसायिक' खेळाडू म्हणजे आठवडाभर खाणीत आणि शनिवारी मैदानावर. जिंकलं तर जास्त पैसे, हरलं तर कमी. बिली बॉस्टनचा किस्सा इकडे सगळ्यांना पाठ आहे. कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला हा कृष्णवर्णीय मुलगा. 1953 मध्ये विगन या लीग क्लबचे लोक त्याच्या घरी गेले आणि टेबलावर नोटा मांडल्या. पोरानं लीगला जाऊ नये अशी आईची इच्छा, कारण एकदा लीगचे पैसे घेतले की युनियनची दारं जन्मभर बंद. तिनं म्हणे मुद्दाम 3,000 पौंड मागितले, ऐकूनच निघून जातील म्हणून. ते हो म्हणाले! पुढे बॉस्टननं 571 ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपार नेऊन टेकवणं) केल्या आणि निवृत्तीनंतर विगनला पब चालवला. त्या काळी नामवंत खेळाडूचं निवृत्तीनंतरचं ठरलेलं काम ते: पबचा मालक व्हायचं आणि जुने सामने ऐकवायचे. 2025 मध्ये, नव्वदीत, त्याला सर किताब मिळाला. लीगमधल्या खेळाडूला तो मिळाल्याची ही पहिलीच वेळ. खेळ सुरू होऊन 130 वर्षं झाली होती, पण ते असो.

वरच्या क्लबांत पूर्णवेळ पगार सर्रास मिळू लागला तो 1996 पासून. टीव्हीच्या 8.7 कोटी पौंडांच्या करारानं सुपर लीग ही सगळ्यात वरची स्पर्धा आली, हंगाम हिवाळ्यातून उन्हाळ्यात गेला आणि खाणकामगाराचा खेळ सकाळी नऊला जिममध्ये हजेरी लावणाऱ्याचा झाला. खाणी तोपर्यंत बंदच पडत आल्या होत्या.

आज आकडे काय? सुपर लीगच्या क्लबला खेळाडूंच्या पगारावर साधारण 21 लाख पौंडांची मर्यादा आहे, एखाद-दुसऱ्या बड्या खेळाडूसाठी सवलत धरून थोडी वर. हे पंचवीस-तीस जणांत वाटायचं. भागाकार केलात तर सत्तर-ऐंशी हजार येतील आणि तुम्ही म्हणाल, वा, छान की. पण पगाराच्या हिशोबात सरासरीइतकं फसवं काही नसतं. वरचे पाच-सहा जण मोठा वाटा घेऊन जातात, सगळे क्लब मर्यादेपर्यंत खर्च करत नाहीत, आणि एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातात पडतं ते सुपरमार्केटमधल्या मॅनेजरनंही नाक मुरडावं इतकं. ऑस्ट्रेलियात याच्या कितीतरी पट पैसा आहे, म्हणून इथले चांगले खेळाडू तिकडे जातात.

ड्यूजबरीचा सॅम बर्जेस असाच सिडनीला गेला. 2014 च्या अंतिम सामन्यात पहिल्याच धडकेत त्याच्या गालाचं हाड मोडलं. गडी उरलेला सगळा सामना खेळला, संघ जिंकला, सामनावीराचं पदकही त्यालाच. हा व्हिडिओ दाखवून पोरांना स्फूर्ती देतात. मी मुलाला त्याच्या पुढची गोष्टही सांगतो: खांद्यानं साथ सोडली आणि वयाच्या तिसाव्या वर्षी बर्जेस निवृत्त झाला. तिसावं म्हणजे आपल्याकडे लग्नाचं बघायला लागतात ते वय. त्याचं पुढे प्रशिक्षक म्हणून बरं चाललं, पण दर संघाला प्रशिक्षक एकच लागतो.

सुपर लीगच्या खालच्या पायरीवर अजूनही बरेचसे अर्धवेळ आहेत. बाटलीसारखा क्लब घ्या, 1897 मध्ये पहिला चॅलेंज कप जिंकलेला, मैदान एका बाजूला उतरतं. असल्या क्लबांतून खेळणारी माणसं दिवसा शिक्षक, सुतार, गवंडी असतात आणि संध्याकाळी सरावाला जातात. आमचा बॉयलर बिघडला तेव्हा आलेला गॅसवाला असाच एक निघाला. सोमवार होता. खाली बसताना त्यानं ओट्याची कड धरली आणि आधी एक गुडघा, मग दुसरा, असे हप्त्याहप्त्यानं टेकवले. उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेलं. झाकणाचा बारीक स्क्रू त्या हातातून दोनदा निसटला, मग त्यानं मुकाट्यानं डावा हात लावला. मी विचारल्यावर म्हणाला, "तीन क्लब झाले, हे असंच आहे." आणि पैशाचं? "मॅचच्या पैशांत सुट्टीला जाऊन येतो. घराचे हप्ते बॉयलर फेडतात." माझ्या सगळ्या आकडेमोडीपेक्षा हे उत्तर सरळ होतं.

बोटांचं एक वेळ चालेल, डोक्याचं काय? बॉबी गोल्डिंग, 1996 च्या पहिल्याच सुपर लीगमध्ये विजेत्या सेंट हेलेन्सचा कर्णधार, त्याला एकोणपन्नासाव्या वर्षी डिमेन्शियाचं निदान झालं. बऱ्याच माजी खेळाडूंनी मिळून खेळाच्या संघटनेवर दावा केलाय. आता डोक्याला लागलं की खेळाडूला बाहेर काढून तपासतात, पकडीची (टॅकलची) उंची खाली आणायचे प्रयत्न चाललेत, आणि प्रेक्षकांतले जुने लोक "खेळ मऊ झाला" म्हणून ओरडतात. त्यांनी खुशाल ओरडावं. नियमांच्या बाबतीत मी सरळ सरळ मऊपणाच्या बाजूनं आहे.

मग पोराला यात घातलंच का, असं विचाराल तर मी रॉब बरोचं नाव घेईन. उंची पाच फूट पाच इंच. या खेळात एवढ्या चणीच्या माणसाला कोणी उभं करणार नाही असं सगळे म्हणत, आणि हा गडी 2001 ते 2017 एकाच क्लबाकडून, लीड्स ऱ्हायनोजकडून, खेळला आणि आठ अंतिम सामने जिंकला. 2011 च्या अंतिम सामन्यात सेंट हेलेन्सच्या खेळाडूंच्या हाताखालनं वाकून, मधल्या फटीतनं निसटून त्यानं एकट्यानं केलेली ट्राय मी कितीदा बघितलीय याला गणती नाही. सामनावीर निवडताना एकूणएक मतं त्यालाच होती. निवृत्त होऊन दोनच वर्षं झाली, आणि डिसेंबर 2019 मध्ये त्याला मोटर न्यूरॉनचा, म्हणजे हळूहळू स्नायू लुळे पाडणारा, आजार असल्याचं कळलं. त्याचा कर्णधार केव्हिन सिन्फील्ड त्याच्यासाठी धावायला लागला: सात दिवसांत सात मॅरेथॉन, मग 24 तासांत 101 मैल. लाखो पौंड उभे राहिले. मे 2023 मध्ये लीड्स मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेपाशी सिन्फील्डनं व्हीलचेअरमधून त्याला उचललं आणि हातांवर घेऊन रेषा ओलांडली. रग्बीतलं ओ की ठो कळत नसलेल्यांनीही तो व्हिडिओ पाहिलाय. जून 2024 मध्ये बरो गेला, एक्केचाळीस वर्षांचा.

जानेवारी 2020 मध्ये तो हेडिंग्लीवर, लीड्सच्या मैदानावर, शेवटची काही मिनिटं खेळायला उतरला होता. तो सामना मुळात त्याचा सहकारी जेमी जोन्स-ब्युकॅनन याचा टेस्टिमोनियल होता, आणि ही पद्धत सांगितल्याशिवाय या धंद्याचा हिशोब पुरा होत नाही. एका क्लबात दहाएक वर्षं काढली की खेळाडूला एक वर्ष देतात: त्याच्या नावानं सामना, जेवणावळी, लिलाव, आणि गोळा होईल ते त्याचं. आपल्या ग्रॅच्युइटीच्या जागी हेच. फरक एवढाच, की ग्रॅच्युइटी कायद्यानं मिळते आणि ही लोकांच्या मर्जीनं. आधी यावर कर नसायचा. एप्रिल 2017 पासून 1 लाख पौंडांच्या वरच्या रकमेला लागतो. तेवढी रक्कम फार थोड्यांची जमते. आणि दहा वर्षं एकाच क्लबात टिकणारे तरी किती? शिकायला, दुसरा धंदा धरायला मदत करणारी रग्बी लीग केअर्स नावाची संस्था आहे आणि ती चांगलं काम करते.

"आपल्यातलं कोणी पोचलंय का?" हाही एक उपप्रश्न असतो. मराठी नाही. पण लीड्सचा इक्रम बट 1995 मध्ये इंग्लंडकडून खेळला, रग्बीत तिथवर गेलेला पहिला ब्रिटिश आशियाई. नंतर त्यानं आशियाई मुलांना खेळात आणायला संघटना काढली. मैदानाच्या कडेला अजूनही आमच्यासारखे आई-बाप शोधावे लागतात.

तर भरतं का पोट? मुलाच्या संघातल्या कुणाला चौदा-पंधराव्या वर्षी मोठ्या क्लबानं उचललं तर तो नशीबवान. तिथून अकादमीत गेलेल्यांतलेही बहुतेक जण अठरा-एकोणिसाव्या वर्षी घरी परत येतात. राहिले त्यांना दहा-बारा वर्षं बरा पगार, आणि पस्तिशीत दुसरी नोकरी शोधणं. म्हणून आमच्या घरात ठरलंय: खेळायचं मनसोक्त, पण सोळाव्या वर्षीची परीक्षा द्यायची आणि हाताला एक धंदा लावायचा. चिरंजीवांनी हे लगेच मान्य केलं. आम्हाला वाटलं, इंजिनियरिंगचा विचार आहे. त्याला इलेक्ट्रिशियन व्हायचंय. त्या गॅसवाल्याची व्हॅन त्यानं नीट बघून ठेवली होती. बायकोला हे पचायला थोडा वेळ गेला. मी मात्र इलेक्ट्रिशियनचे पगार रोज बघतो, त्यामुळे गप्प बसलो.

ज्यांना आपलं पोर पाठवायचंय त्यांच्यासाठी: जवळपास प्रत्येक गावाला क्लब आहे, फी फार नसते, लहानांचे सामने रविवारी सकाळी असतात. गमशील्ड घरीच गरम पाण्यात बुडवून दातांवर बसवून आणा. मैदानावर गरम पाणी फक्त चहा देणाऱ्या बाईंकडे असतं, आणि त्या पहिल्या दिवशीच चिडलेल्या बऱ्या नाहीत.