तुम्ही विचारलंत म्हणून: फादरनी दिलेलं प्रायश्चित्त राहून गेलं तर?

हा प्रश्न मला वर्षभर येतो, पण गुड फ्रायडेच्या आधीच्या आठवड्यांत तर विचारूच नका. मी वसईला चर्चमध्ये रविवारी मुलांना धर्मशिक्षण शिकवते म्हणून लोकांना वाटतं हिला सगळं माहीत असणार. त्या दिवसांत कन्फेशनला (म्हणजे फादरना आपली पापं सांगून क्षमा मागायची, आणि ते जे करायला सांगतात ते प्रायश्चित्त) आजूबाजूच्या चर्चचे फादर पण येतात, कन्फेशन ऐकायची पेटी पुरत नाही म्हणून व्हरांड्यात खुर्च्या टाकतात, ही मोठी लाइन लागते, आणि मग कुणीतरी मला बाजूला घेऊन हळूच विचारतं, टीचर, मागच्या वेळी फादरनी रोझरी (माळेवरची प्रार्थना) सांगितली होती, ती राहूनच गेली, म्हणजे तेव्हाचं कन्फेशन फुकट गेलं का?

नाही गेलं. करायची मनापासून तयारी होती आणि नंतर विसरलात किंवा राहून गेलं, तर मिळालेली क्षमा कुणी परत घेत नाही. फादर "तुझ्या पापांची क्षमा करतो" म्हणाले तिथे क्षमा झाली, प्रायश्चित्त त्याच्यानंतर येतं. हां, कन्फेशन करतानाच मनात ठरवलं असेल की हे काही मी करणार नाही, तर मामला वेगळा, कारण मग पश्चात्तापातच खोट आहे. आणि नंतर मुद्दाम टाळलं तर तेही पुढच्या कन्फेशनला सांगायची गोष्ट झाली.

आता माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणी उलट बाजूने विचारतात. तुमचं बरंय बाई, आत जायचं, सांगायचं, तीन हेल मेरी (मरियामातेची छोटी प्रार्थना) म्हणायच्या की खातं साफ! (यात थोडी चेष्टा असते, चालायचंच.) पण हेल मेरीने माफी विकत मिळत नाही हो. चर्चची शिकवण सरळ आहे, क्षमेने पाप जातं पण पापाने जी नासधूस केली ती आपोआप भरून येत नाही. वाडीतला बांध फोडून शेजाऱ्याच्या केळीत पाणी घातलंत, त्याने मोठ्या मनाने माफ केलं, तरी बांध कोण घालणार? तुम्हीच ना. म्हणून चोरी केली असेल तर नुसती प्रार्थना म्हणून भागत नाही, पैसे परत करायला लागतात. बायबलमध्ये लूकच्या 19व्या अध्यायातला जकातदार जक्कय आठवा, तो स्वतःहून म्हणतो, कुणाचं लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. आता परत करायचं म्हणजे मालकासमोर जाऊन मान खाली घालून उभं राहायलाच पाहिजे असं नाही, नाव न सांगताही पोचवता येतं. फादरनाही असं प्रायश्चित्त देता येत नाही की ज्यावरून चारचौघांना कळेल याने काय केलं होतं, कन्फेशनमधलं गुपित कुठल्याही परिस्थितीत फोडायचं नाही हा नियम फार कडक आहे.

आजची प्रायश्चित्तं हलकी वाटतात हे मात्र खरंय, आणि मला विचाराल तर कधीकधी जरा जास्तच हलकी. सुरुवातीच्या शतकांत मोठ्या पापासाठी सगळ्यांसमोर प्रायश्चित्त असायचं, कधी वर्षानुवर्षं, आणि ते झाल्यावरच माणसाला परत कम्युनियनला, म्हणजे मिस्सात (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) पवित्र भाकर घ्यायला, घ्यायचे. रोमन सम्राट थिओडोसियसने 390 साली थेस्सलोनिकात लोकांची कत्तल करवली तेव्हा मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला सांगितलं, आधी प्रायश्चित्त कर मग कम्युनियन. आणि सम्राटाने ते उघडपणे केलं. पुढे आयर्लंडच्या मठांतल्या संन्याशांनी एकट्याने, खाजगीत कन्फेशन करायची पद्धत पसरवली, त्यांच्याकडे तर याद्याच असायच्या की अमुक पापाला इतके दिवस नुसती भाकरी-पाणी. मग हळूहळू क्रम उलटला, क्षमा आधी आणि प्रायश्चित्त मागून, तोच आज चालतो.

कॅथलिक चर्चच्या 1983च्या कायद्यात कलम 981 आहे, त्यात फादरनी पापाचा प्रकार, संख्या आणि माणसाची परिस्थिती बघून प्रायश्चित्त द्यावं असं म्हटलंय. म्हणजे प्रार्थनाच पाहिजे असं काही नाही, उपवास, दानधर्म, आजाऱ्याची सेवा, काहीही असू शकतं. अबोला धरलेल्या भावाला फोन कर असं कुणाला सांगितलं ना, तर तो बिचारा रोझरी देता का म्हणून घासाघीस करेल, कारण रोझरी वीस मिनिटांत होते आणि फोनला घाम फुटतो. जागेच्या वादावरून वर्षानुवर्षं न बोलणारी घरं प्रत्येक आळीत आहेत, त्यामुळे हे काही कल्पनेतलं नाही.

त्याच कलमात हेही आहे की प्रायश्चित्त ज्याचं त्यानेच करायचं. मुलं हमखास विचारतात, माझ्या वाटणीच्या हेल मेरी आजी म्हणेल तर चालेल का, ती तशीही दिवसभर म्हणतच असते! नाही चालणार. आजीने तुझ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, पण तुझं ते तुझं.

बाकी व्यवहाराच्या गोष्टी. फादरनी वेळ सांगितली नसेल तर जमेल तितक्या लवकर करा, शक्यतो चर्चमधून निघण्याआधीच दोन मिनिटं बाकावर बसून, कारण एकदा स्कूटर चालू केली की गेलं. ते करायच्या आधी मिस्साला कम्युनियन घेतली तर काही बिघडत नाही. दिलेलं झेपणारं नसेल, समजा डायबेटिस आहे आणि उपवास सांगितला, तर तिथल्या तिथे बोला, ते बदलून देतात. नंतर लक्षात आलं तर त्याच फादरकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे कन्फेशनमध्ये बदलून मागता येतं. आणि काय दिलं होतं हेच आठवत नसेल तर उगाच डोकं खाजवत बसू नका, पुढच्या वेळी सरळ सांगा, फादर, मागचं प्रायश्चित्त विसरलो. असं सांगणारे तुम्ही काही पहिले नसाल, त्यामुळे लाइन सोडून माझ्याकडे येण्यापेक्षा लाइनीतच थांबा.