पुढे सरका, आत जागा आहे

मनोरी, २ जुलै. दिवसभर झड.

कोंबडीची अकरा पिल्लं, वय नऊ आठवडे. खुराड्यात अडीच फुटांवर चांगली दांडी बसवली आहे, तरी सगळी खाली दाराच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. बेस्टमध्ये कंडक्टरकीत उभा जन्म गेला. आत बस मोकळी आणि दारात रेटारेटी, हे दृश्य मला नवं नाही. "पुढे सरका, आत जागा आहे" असं तोंडातून निघूनही गेलं. ही ओटीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "अहो, सगळी पासवाली आहेत ती. नाही सरकायची."

नुसती शिस्तीची बाब असती तर सोडून दिलं असतं. पण पावसाळ्यात खालचा तूस कितीही बदलला तरी दमट राहतो. विष्ठेत रात्र काढली की छाती बरबटते, नाकाला झोंबणारा वास सुटतो, आणि ओल्यातच रक्ती हगवण फोफावते. शिवाय ढिगात तळाला सापडलेलं पिल्लू गुदमरू शकतं. सकाळी दार उघडताना आधी पोटात गोळा येतो.

हिच्या आईकडे असला प्रश्नच नव्हता. खुडूक कोंबडी पिल्लं काढायची, काही आठवडे त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवरच बसायची, मग एका संध्याकाळी स्वतः उडून दांडीवर जायची. खाली पिल्लांचा आकांत. दोन-चार दिवसांत तीही धडपडत मागे. आमची पिल्लं हॅचरीतून एका दिवसाची आणलेली, बल्बच्या उबेत वाढलेली. त्यांना वर जाऊन दाखवणार कोण? मी जाऊ शकत नाही, गुडघे.

५ जुलै.

पहिली चूक माझीच निघाली. दांडी म्हणून घरात पडलेला प्लास्टिकचा पाइप लावला होता. तांबडीला उचलून ठेवली तर घसरून फडफडत खाली आली. कोंबडी बसली, पाय दुमडला, की पायातली शीर ताणली जाते आणि बोटं आपोआप मिटतात. पण मिटून धरायचं काय, गुळगुळीत पाइप? ओल्या हाताने बसचा दांडा धरून बघावा म्हणजे कळतं.

पावसाळी मासेमारी बंदीमुळे ३१ जुलैपर्यंत होड्या किनाऱ्यावर, त्यामुळे बोंबील वाळवायच्या वलांडीचे बांबू शेजारी नुसतेच पडून होते. त्यातले दोन मागून आणले. कोयत्याने खरवडून खरबरीत केले, कडुलिंबाचं तेल चोळलं, कारण दांडीच्या फटीत गोचडीसारखे बारीक किडे दिवसा दडतात आणि रात्री रक्त पितात. एक बांबू फूटभर उंचीवर, दुसरा अडीच फुटांवर, पण थोडा मागे. वरचीची घाण खालचीच्या डोक्यावर नको. दर पक्ष्यामागे एक वीत जागा धरली.

७ जुलै.

पिल्लं दाराशीच का, याचं उत्तर आज मिळालं आणि स्वतःवर चिडलो. ओटीवरचा बल्ब! त्याची तिरीप जाळीतून नेमकी त्या कोपऱ्यात पडते. अंधार पडायला लागला की ती उजेडाकडे जातात, मग तिथेच झोप. आजपासून सातलाच बल्ब बंद. डास फोडतात, पण इलाज नाही.

८ ते १२ जुलै.

रोज एकच काम. पूर्ण काळोख होऊ द्यायचा, म्हणजे साधारण पावणेआठ. मोबाइलच्या बॅटरीवर बोटं धरून अंधूक उजेड करायचा. एकेकीला दोन्ही हातांनी पंख मिटून उचलायचं, छाती दांडीला टेकवायची, पाय बांबूवर लागले की हळूच हात काढायचा. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, म्हणून बसवली की खाली उतरायचं धाडस करत नाहीत. हेच संध्याकाळी उजेडी केलं तर अकरा जणींना बसवेपर्यंत पहिल्या सहा खाली. (मी केलं. ही हसून हसून दमली.)

पहिल्या रात्री सकाळपर्यंत वर राहिल्या चार. दुसऱ्या रात्री सात. तिसऱ्या रात्री पुन्हा पाच, का ते देव जाणे. दोघी अंडी घालायच्या टोपलीत शिरून बसतात, म्हणून टोपल्या सध्या पालथ्या घातल्या आहेत. तिथे निजायची सवय लागली तर पुढे अंडी घाणीतच मिळायची.

१४ जुलै.

सव्वासातच्या सुमारास ठिपकेवाली तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, खालच्या दांडीखाली उभी. मान वर, मान तिरकी, पाय दबले, पुन्हा नाही. असं पाच-सहा वेळा. मग फडफड झाली आणि ती दांडीवर. एकदा पुढे झुकली, एकदा मागे, शेपटीने तोल सावरला आणि बसली. मी हात लावला नव्हता. थोड्या वेळाने तांबडी तिच्या शेजारी. माझ्या सहा रात्रींच्या उचलाउचलीपेक्षा त्या एका उडीचं वजन जास्त पडलं, कारण आज उचलाव्या लागल्या तिघीच.

१८ जुलै.

आता भांडण सुरू. सगळ्यांना वरचीच दांडी हवी. जुनी डबल डेकर १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची धावली. तिच्या वरच्या मजल्यावर पुढच्या काचेच्या सीटसाठी मोठी माणसंसुद्धा अशीच धावायची. ठिपकेवाली मध्यभागी बसते आणि कोणी जवळ सरकलं की डोक्यात टोच मारते. खालच्या दांडीवर लोळागोळा होऊन बसलेल्या दोघी वर बघत कुरकुरतात.

मघाशी पावसातच छत्री घेऊन मोजून आलो. वर आठ, खाली दोन. अकरावा, तो उघड्या मानेचा कोंबडा, अजून दारात, फुटबोर्डवर. उचलून आत ठेवला.