तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून एक्सएफसीईवरच का?

माझा लॅपटॉप उघडा दिसला की कोणी ना कोणी विचारतंच, "इतकी वर्षं लिनक्स वापरताय आणि अजून एक्सएफसीई? प्लाझ्मा बघा की, गनोम बघा, किती पुढे गेलेत." (लिनक्समध्ये मेनू, पॅनेल, खिडक्या दाखवणारा डेस्कटॉप आपल्या पसंतीने निवडता येतो; ही तिन्ही अशाच डेस्कटॉपची नावं.) नवीन येणारी मुलं विचारतात तेव्हा त्यांना खरंच जाणून घ्यायचं असतं, पण जुनेजाणते विचारतात तेव्हा उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं, की मशीन जुनं असणार, रॅम कमी असणार. तसं काही नाहीये. मशीन चांगलं आहे, रॅम भरपूर आहे, आणि तो रॅमचा हिशोब मला मुळात पटतच नाही, कारण रिकाम्या डेस्कटॉपमधला फरक काहीशे एमबीचा असतो आणि ब्राउझरमध्ये चार जड टॅब उघडले की तो कुठल्या कुठे जातो. रॅमसाठी डेस्कटॉप निवडायचे दिवस बहुतेकांसाठी संपलेत.

आणि मला नवीन काही नको असतं असंही नाही. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० (प्लाझ्मा त्यातूनच पुढे आला) आलं, अर्धंमुर्धं होतं, लोक वैतागले होते, तेव्हा त्याची बाजू घेऊन भांडणाऱ्यांत मी होतो. एप्रिल २०११ मध्ये गनोम ३ आलं, त्याच महिन्यात उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने युनिटी हा स्वतःचा डेस्कटॉप डीफॉल्ट केला, आणि जुनं गनोम २ पाहिजे म्हणणाऱ्यांनी ते फोर्क करून, म्हणजे त्याच्याच कोडची वेगळी शाखा काढून, माटे हा डेस्कटॉप काढला, मिंट या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी सिनॅमन काढलं, तेव्हाही मी म्हणायचो की चार दिवस हात चुकतील, मग सवय होईल, माणसाने शिकायला नको का. तेव्हाचा मी आत्ता समोर बसला असता तर त्यानेही मला हाच प्रश्न विचारला असता, आणि त्याचं सगळंच चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही.

मग आईचं झालं.

आईला मॅक्युलर डिजनरेशन आहे. म्हणजे नजरेच्या मधोमध धूसर डाग आणि कडेचं बरं दिसतं. कॉम्प्युटर ती मावशीला पत्रं लिहायला वापरायची, ईमेलच, पण ती पत्रच म्हणते. तिचा मेनू वरच्या डाव्या कोपऱ्यात होता. ती माऊस वर डावीकडे ढकलायची, तो अडेपर्यंत. अडला की क्लिक. मग बाणाची कळ खाली दोनदा, एंटर, की मेल उघडलं. यात बघायचं काहीच नव्हतं, हाताने पाठ झालेलं होतं सगळं. पॉल फिट्सने १९५४ साली मांडलेला एक नियम आहे, लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ तितका हात तिथे लवकर पोचतो, आणि स्क्रीन बनवणारे लोक त्यावरूनच सांगतात की कोपरा ही सगळ्यात सोपी जागा, कारण माऊस कितीही जोरात ढकलला तरी कोपऱ्याच्या पुढे जात नाही. आईला हा नियम माहीत असायचं कारण नव्हतं, पण तिचं सगळं काम त्याच्यावरच चालायचं.

तिच्या मशीनवरच्या व्हर्जनचे सिक्युरिटी अपडेट बंद झाले, त्यामुळे अपग्रेड करणं भागच होतं. कुठला डेस्कटॉप ते मुद्दाम सांगत नाही, कारण नाव घेतलं की चर्चा त्या नावावर जाते आणि मला म्हणायचंय ते राहून जातं. अपग्रेडनंतर त्याच कोपऱ्यात हॉट कॉर्नर आला. म्हणजे माऊस तिथे नुसता टेकला, क्लिकसुद्धा न करता, तरी सगळ्या खिडक्या आक्रसून छोट्या होऊन पसरतात. मी तिला तो दाखवला होता, ती हो म्हणाली होती. नंतर एकदा पत्र अर्धं लिहून झालं होतं, तिला फोटो जोडायचा होता, तिने नेहमीसारखा माऊस वर ढकलला, समोरचं सगळं हललं, तिला नीट काही दिसलं नाही म्हणून ती सवयीने पुढे करत गेली, क्लिक, बाण, बाण, एंटर, आणि शेवटी समोर पत्र नव्हतंच, दुसरंच काहीतरी होतं. पत्र मागे तसंच्या तसं उघडं होतं. पण खाली उघड्या खिडक्यांची पट्टी असायची ती आता नव्हती, मिनिमाइजचं बटणही नव्हतं, त्यामुळे ते मागे आहे हे कळायला तिला काही मार्गच नव्हता.

हे तिने मला सांगितलं नाही. मावशीनेच विचारलं की ताईचं पत्र कसं नाही आलं, तेव्हा मी आईला विचारलं. ती म्हणाली, "माझे डोळे आणखी गेले रे. आता नाही जमायचं मला ते."

इथे मी खूप वेळ अडकून राहिलो, आजही अडकतो. तिचे डोळे होते तसेच होते, महिनाभराने डॉक्टरांनी तपासलं तेव्हा काहीही वाढलेलं नव्हतं. जागा स्क्रीनवरची बदलली होती आणि तिने त्याचा अर्थ लावला की आपला आजार वाढला. कोणीतरी विचार करून, टेस्ट करून, चांगल्या हेतूने केलेला बदल होता तो, मला हे मान्य आहे, आणि बहुतेकांना तो आवडलाही. पण ज्याला दिसत नाही त्याला बदल बदल म्हणून दिसतच नाही, त्याला वाटतं आपल्यातच काहीतरी बिघडलं.

मग मी तिच्या मशीनवर एक्सएफसीई टाकलं. वरचं पॅनेल, कोपऱ्यात मेनू, पॅनेल लॉक केलं, उघड्या खिडक्यांची पट्टी खाली. आणि माझ्या मशीनवरही अगदी तसंच ठेवलं, म्हणजे तिचा फोन आला की मला माझ्यासमोर बघून सांगता येईल, "आता बाण दोनदा खाली." तुम्ही विचारता त्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढंच आहे. ती परत पत्रं लिहायला लागली, पण मधेच फोन करून विचारायची, सगळं आहे ना जागेवर? आधी कधी विचारायची नाही.

आता याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती मला एका जाणकार मित्राने ऐकवली आहे आणि मला ती खोडता आलेली नाही. एक्सएफसीईमध्ये ऑल्ट धरून माऊसचं चाक फिरवलं की झूम होतं, २०१५ च्या ४.१२ व्हर्जनपासून, पण ते झूम माऊसच्या मागे जातं. तुम्ही टाइप करताय तिथे कर्सरच्या मागे जाणारा मॅग्निफायर गनोममध्ये आहे. ऑर्का हा स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडरही तिथे जास्त नीट चालतो. मित्र म्हणाला, ओळखीच्या जागेसाठी तू तिला चांगल्या सोयींपासून लांब ठेवलंस, सुपर कळ (विंडोजचं चिन्ह असते ती) दाबून नावाची दोन अक्षरं टाइप करायला शिकवलं असतंस तर कोपराच लागला नसता. असेलही. मी शिकवायला बसलो होतो, तिचं मन उडालेलं होतं. थोडं थांबून पुन्हा शिकवायला हवं होतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही. आता ती मावशीशी फोनवरच बोलते.

मी मात्र इथेच राहिलो. हट्ट म्हणा हवं तर, पण आंधळा हट्ट नाहीये. खिडकीची कड इतकी बारीक की पकडता येत नाही (ऑल्ट धरून उजव्या बटणाने ओढा, कुठूनही रिसाइज होते), दोन मॉनिटरना वेगवेगळं स्केलिंग, म्हणजे अक्षरांचा-चित्रांचा वेगळा आकार, द्यायचं तर डोकं फिरतं, आणि ४.१२ ते ४.१४ मध्ये चार वर्षांहून जास्त काळ गेला. लोक ही गती दोष म्हणून सांगतात. मी या संथ गतीसाठीच थांबलोय.

तुम्ही कुठला निवडायचा? वापरणाऱ्याचे हात आत्ता कुठे जातात ते आधी बघा, स्क्रीनशॉट नंतर. लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) दोन दिवस खरं काम करा, नुसता वॉलपेपर बदलून बघू नका. एकाच मशीनवर दोन डेस्कटॉप टाकायचे असतील तर दुसऱ्यासाठी वेगळा युजर करा, नाहीतर थीम आणि सेटिंग एकमेकांत मिसळतात आणि मग दोष कोणाचा ते कळत नाही. गनोममध्ये एक्स्टेन्शन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) लावून जुनं रूप आणणार असाल तर लक्षात ठेवा, २०२३ मध्ये गनोम ४५ आलं तेव्हा जुनी सगळी एक्स्टेन्शन नव्या व्हर्जनसाठी बदलून घ्यावी लागली होती. दुसऱ्या कोणासाठी लावताय तर एक्स्टेन्शनवर विसंबू नका.

आणि माझंही पुढे काय ते पक्कं नाही. मोठे डेस्कटॉप एक्स११ (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी जुनी यंत्रणा) सोडत चाललेत, एक्सएफसीई ४.२० मध्ये तिच्या जागी येणारं वेलँड आहे पण प्रायोगिक, आणि त्याचा स्वतःचा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा, हलवणारा भाग) अजून तिथे चालत नाही, लॅबडब्ल्यूसीसारखा दुसरा घ्यावा लागतो. प्लाझ्मात हॉट कॉर्नर बंद करता येतो, मेनू हव्या त्या कोपऱ्यात बसवता येतो, झूमही चांगलं आहे. वेगळा युजर करून ते मी बघतोय, अजून काही ठरवलेलं नाही.