करार उघडण्याआधी रोस्टर उघडा

कंपनीशी झालेल्या पगार-कराराची मुदत संपत आली की युनियनच्या सभेत पहिला प्रश्न हमखास येतो, "यंदा किती टक्के?" विचारणाऱ्याची चूक नाही. पण विमान क्षेत्रात माणूस नाडला जातो तो टक्क्यांपेक्षा तासांमध्ये. म्हणून सभासदांची तयारी मागणीपत्रापासून नाही, प्रत्येकाच्या स्वतःच्या रोस्टरपासून, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकापासून सुरू करावी, आणि तीही मुदत संपायच्या किमान सहा महिने आधी.

मागच्या तीन महिन्यांचं रोस्टर, प्रत्यक्ष झालेली ड्यूटी आणि तीन पगाराच्या स्लिपा एकत्र घ्यायच्या. कागदावर तीन रकाने: ठरलं काय, झालं काय, पैसे कशाचे मिळाले. केबिन क्रूचे पैसे ब्लॉक अवर्सवर (विमान गेटवरून हलल्यापासून पुढच्या ठिकाणी थांबेपर्यंतचे तास) असतील, तर बोर्डिंग आणि गेटवरचा खोळंबा यांतले किती तास फुकट गेले ते इथे उघडं पडतं. रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी असतात तिथे काम करणाऱ्या माणसाला तुटक पाळी असेल, समजा पहाटे ५ ते ८ आणि दुपारी १२ ते ३, तर पैसे ६ तासांचे आणि दिवस गेला १० तासांचा. इंजिनिअरने हँगरमधला पाळीबदल पाहावा. काम समजावून देण्यातली रोजची २० मिनिटं कुणाच्या खात्यात जातात?

आता विश्रांतीचं कलम. "दोन ड्यूट्यांमध्ये १० तास विश्रांती" हे ऐकायला बरं वाटतं. हे १० तास मोजायला कुठून सुरुवात करायची, हे बहुतेकांनी वाचलेलंच नसतं. समजा, विमान थांबून चाकांना चोक (अडसर) लागले २२:१० ला, साइन-ऑफ, म्हणजे ड्यूटी संपल्याची नोंद, २२:४० ला, हॉटेलच्या खोलीचं दार उघडलं २३:२५ ला. साइन-ऑफपासून मोजलं तर पुढचं साइन-ऑन (ड्यूटीची सुरुवात) ०८:४० चं, म्हणजे खालून गाडी सुटणार ०७:५५ ला. खोलीत मिळाले साडेआठ तास, त्यातच जेवण, अंघोळ आणि झोप. चोक लागल्यापासून मोजलं तर आणखी अर्धा तास गेला. तेच कलम "हॉटेलात पोहोचल्यापासून हॉटेल सोडेपर्यंत" असं लिहिलं, तर गाडी ०९:२५ च्या आधी येऊ शकत नाही. आकडा तोच, फरक फक्त कुठून कुठपर्यंत मोजायचं याचा. असं एक कलम फळ्यावर सोडवून दाखवलं की तशी पुढची दहा कलमं सभासद स्वतःच शोधून आणतात. "शक्यतो", "कामाच्या गरजेनुसार", "व्यवस्थापनाला योग्य वाटल्यास" हे शब्द दिसतील तिथे लाल रेघ मारायला सांगा. अशा कलमावर तक्रार टिकवणं अवघड असतं.

टक्केवारीचंही गणित करून दाखवावं. तीन वर्षांसाठी ५, ३, २ टक्के आणि २, ३, ५ टक्के, दोन्हींत शेवटचा पगार एकच: १०० चे ११०.३१. पण पहिल्या क्रमात तीन वर्षांत हातात येतात ३२३.४६, दुसऱ्यात ३१७.३७. हा फरक वर्षाच्या पगाराच्या सहा टक्क्यांचा, म्हणजे साधारण २२ दिवसांचा पगार. एकरकमी बोनसचंही तसंच. तो मूळ वेतनात मिसळत नाही, त्यामुळे पुढची वाढ त्यावर लागत नाही. आणि वाढ जुना करार संपल्या दिवसापासून की सही झाल्या दिवसापासून, हे पहिल्याच बैठकीत मांडायला हवं. नाहीतर प्रत्येक महिन्याच्या दिरंगाईत कंपनीचा फायदा आहे.

सर्व्हेमध्ये "पगारवाढ हवी का?" असलं काही विचारू नका, उत्तर माहीत आहे. १०० गुण द्या आणि पगार, रोस्टर किती दिवस आधी मिळावं, स्टँडबाय (बोलावलं तर यायच्या तयारीत राहणं), विश्रांती, नोकरीची हमी यांत वाटायला सांगा. निकाल विभागवार, आणि जुने-नवे वेगळे काढून वाचा. कारण फूट पडते ती याच रेषेवर. अमेरिकन एअरलाइन्सने १९८३ मध्ये नव्या भरतीसाठी कमी पगाराची वेगळी श्रेणी करारात आणली. असा प्रस्ताव आजच्या सभासदाच्या खिशाला हात लावत नाही, म्हणून मतदानात सहज निघून जातो. काही वर्षांत कमी पगारवाल्यांची संख्या वाढते आणि जुने महाग ठरतात.

आउटसोर्सिंगचंही बोलून ठेवावं. ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास विमान कंपनीने २०२० मध्ये ग्राउंड हँडलिंगची (सामान चढवणं-उतरवणं वगैरे) सुमारे १,७०० माणसांची कामं बाहेर दिली. ते बेकायदा होतं हे २०२३ मध्ये हायकोर्टात, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयात कायम झालं, पण माणसांची कामं तोवर केव्हाच गेली होती. कोर्ट नंतर येतं, कलम आधी लागतं.

पाळ्यांमुळे सगळे एका सभेला कधीच येत नाहीत. दर १०-१५ जणांमागे एक प्रतिनिधी ठेवा, त्याच पाळीतला, आणि निरोप पाळीबदलाच्या दहा मिनिटांत समोरासमोर द्या. सभासदांचे खासगी फोन नंबर आधीच जमवा, कंपनीच्या ईमेलवर काही नको. व्हॉट्सअॅपवर टाकलेलं प्रत्येक वाक्य व्यवस्थापन वाचतंय असं धरूनच लिहावं. आपण शेवटी कितीवर तयार होऊ हा आकडा तिथे कधीच नको. संपाचं मत घेण्याआधी छोटी परीक्षा घ्या: एका आठवड्यात किती सह्या जमतात? निम्म्याही आल्या नाहीत, तर मतपत्रिका छापू नका.

एक गोष्ट मात्र सौद्यात कधीच येता कामा नये, सुरक्षितता. खोटी आजारपणाची रजा, मुद्दाम रोखलेली तपासणी, दबावासाठी भरलेला किंवा दडवलेला सेफ्टी रिपोर्ट यांत परवाना जाऊ शकतो आणि प्रवाशांचा जीवही. कामबंदीची कायदेशीर नोटीस किती दिवसांची, हे वकिलाकडून लेखी घ्या आणि प्रत्येक प्रतिनिधीला द्या.

मसुदा आला की व्यवस्थापनाच्या रंगीत सारांशावर मत देऊ नका. बदल खुणा करून दाखवलेला पूर्ण मजकूर मतदानाच्या किमान सात दिवस आधी मागा, आणि प्रत्येकाने तो आपल्या त्या तीन रकान्यांच्या कागदाशेजारी ठेवून वाचावा. तोच महिना नव्या करारात पुन्हा मांडला, तर किती तास आणि किती पैसे निघतात?