तुम्ही विचारलंत म्हणून: लाइन खराब नव्हती

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका संस्थेचं नेटवर्क सांभाळत होते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "तेव्हा नेट सारखं पडायचं, नाही? लाइनीच खराब होत्या ना?" लग्नकार्यात विचारतात, जुने विद्यार्थी फोनवर विचारतात. परवा एका निवृत्त सहकाऱ्यांनी तर विचारलंही नाही, सांगूनच टाकलं, "आपली लाइनच भिकार होती हो." मी दर वेळी दोन वाक्यांत उत्तर देते, समोरचा मान हलवतो आणि विषय बदलतो. म्हणून आता नीट लिहिते. लाइन खराब नव्हती. तुम्हाला आठवतं ते संध्याकाळचं पडणं लाइनमुळे नव्हतं. ऑपरेटरमुळेही नव्हतं, आणि मला हे दुसरं जास्त ठासून सांगायचं आहे.

आमच्याकडून बाहेर जायला दोन वाटा होत्या. एक पुण्याहून थेट मुंबईच्या केंद्रापर्यंत, सेकंदाला ९६०० बिट्सची लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली कायमची जोडणी, स्लिप नावाच्या साध्या पद्धतीवर चालणारी. दुसरी दक्षिणेतल्या एका केंद्रामार्फत, उपग्रहावरून. तिथे जाऊन यायलाच अर्ध्या सेकंदाहून जास्त लागे. कुठली वाट घ्यायची ते आरआयपी ठरवायचं, म्हणजे शेजारच्या मशीनशी वाटांची देवाणघेवाण करणारी राउटिंगची पद्धत. दर ३० सेकंदांनी शेजारी आपलं टेबल, म्हणजे त्याला माहीत असलेल्या वाटांची (रूटची) यादी, पाठवतो. सलग १८० सेकंद काहीच आलं नाही, तर तो शेजारी गेला असं धरून त्याच्यामार्फतचे रूट काढून टाकायचे. हे सगळं १९८८ च्या आरएफसी १०५८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहिलेलं आहे. बर्कलीच्या युनिक्सबरोबर तो प्रोग्रॅम आयता यायचा, म्हणून जिथेतिथे तोच चालू असायचा.

संध्याकाळी यूजनेटच्या (तेव्हाच्या जगभरच्या चर्चागटांच्या) न्यूज आणि साठलेली मेल उतरायला लागली की थोड्या वेळाने मुंबईचा रूट टेबलातून गायब व्हायचा. काही मिनिटांनी परत यायचा. पुन्हा गायब. मध्येच टेल्नेटवर, म्हणजे दूरच्या मशीनवर, काम करत बसलेल्या माणसाचा स्क्रीन गोठायचा आणि तो उठून आमच्या खोलीत यायचा.

पहिला आळ अर्थातच लाइनवर. टेलिफोनवाले आले, लूप टेस्ट घेतली, लाइन ओके म्हणाले, तक्रार बंद. मग आळ सरकला रात्रपाळीच्या ऑपरेटरवर. मुलगा कंत्राटावर होता, विशीतला, व्यवस्थित काम करणारा. रूट गेला की तो राउटिंगचा प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि लॉगबुकात वेळ घालून तशी नोंद करायचा. नोंदी इतक्या प्रामाणिक होत्या, की वरिष्ठांनी वही उघडली तेव्हा प्रत्येक पडण्याशेजारी त्याच्या हस्ताक्षरात 'रीस्टार्ट' दिसलं. निष्कर्ष तयार: हा हात लावतो म्हणून पडतं. तो सांगत होता की आधी पडतं, मग मी हात लावतो. पण त्याच्या रीस्टार्टनंतर नेट हटकून परत यायचं, आणि तेच त्याच्या विरोधात गेलं. हाताने सुरू होतं म्हणजे हातानेच बंद पडत असणार, असा तो हिशेब.

मी त्याच्याबरोबर रात्री बसायला लागले. तेव्हा जे पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. मोडेमवर आत येणाऱ्या डेटाचा दिवा न लुकलुकता सलग लाल, आणि बाहेर जाणाऱ्याचा जवळजवळ विझलेला. लाइन तुटली असती तर आतला दिवा आधी गेला असता. इथे तो भरभरून पेटलेला असताना आमचं मशीन म्हणत होतं की मुंबई नाही. शेजारच्या टर्मिनलवर पिंग लावून ठेवला होता, म्हणजे मुंबईला सारखी हाक मारून उत्तराला किती वेळ लागतो ते बघणारा प्रोग्रॅम. तुटलेल्या लाइनवर पिंगची उत्तरं एकदम थांबतात. इथे ती थांबत नव्हती, म्हातारी होत होती. आधी दोन सेकंद, मग दहा, मग तीस. मधली कितीतरी हरवलेली, आणि जी यायची ती चाळीस-चाळीस सेकंदांनी. मग रूट गेला आणि, उपग्रहाची वाट टेबलात येईपर्यंत, 'नेटवर्क अनरीचेबल', म्हणजे तिकडे जायला वाटच नाही.

ते आकडे बघूनच मला कळलं की मुंबईच्या बाजूला रांग भरते आहे. अशा लाइनवर एका बाइटला दहा बिट्स लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० बाइट जातात. डेटा तुकड्या-तुकड्यांनी, पॅकेटांनी जातो; हजार बाइटच्या एका पॅकेटला सेकंदभर. पन्नास पॅकेटांची रांग भरली की शेवटच्याला पन्नास सेकंद थांबायचं, आणि एक्कावन्नावं फेकलं जायचं. मुंबईचं राउटिंग टेबल हेही एक पॅकेटच, पाचेकशे बाइटचं. त्याच्यासाठी वेगळी रांग नव्हती. १९८१ च्या आयपीच्या (इंटरनेटच्या मूळ नियमाच्या) व्याख्येत नेटवर्क-नियंत्रणाच्या पॅकेटांसाठी वेगळा अग्रक्रम दिलेला आहे, पण दोन्हीकडच्या मशीनमधला प्रोग्रॅम त्याकडे बघतच नव्हता. न्यूजच्या पॅकेटांबरोबर टेबलही फेकलं जात होतं. सलग सहा गेली की तीन मिनिटं पूर्ण.

आता जी गोष्ट कुणाच्याच पटकन लक्षात येत नाही, ती नीट वाचा. भरलेली होती येणारी बाजू. काढला जात होता तो जाणारा रूट. जाणारी वाट पूर्ण मोकळी होती, पण ती मोकळी आहे ही बातमी येणाऱ्या गर्दीत मरत होती. रूट गेला की न्यूजच्या पॅकेटांची आमच्याकडून जाणारी पोच उपग्रहावरून वळायची, उशिरा पोचायची किंवा पोचायचीच नाही. मुंबई काही वेळ तीच पॅकेटं पुन्हा पाठवून थकायची, कनेक्शन तुटायचं, रांग रिकामी व्हायची. रांग रिकामी झाली की पुढचं टेबल सुखरूप यायचं, रूट परत, न्यूज परत, गर्दी परत. आमचा ऑपरेटर रीस्टार्ट करायचा तो नेमका रांग रिकामी होण्याच्या सुमाराला. प्रोग्रॅम सुरू होताच शेजाऱ्याकडे टेबल मागतो, ते लगेच मिळायचं. त्याने हात लावला नसता तरी फार तर अर्ध्या मिनिटात ते आपणहून आलं असतं.

हे नुसतं तर्काने सांगून भागणार नव्हतं. एका पहाटे, लाइनवर काहीच नसताना, मुंबईच्या सहकाऱ्यांना फोन करून चार-पाच मोठ्या फाइली एकदम आमच्याकडे ढकलायला सांगितल्या. ऑपरेटरला म्हटलं, "कीबोर्डला हात लावू नकोस." तो हात मांडीवर ठेवून बसला. प्रिंटरवर दर काही सेकंदांनी टेबल छापलं जात होतं. तीन मिनिटांच्या थोडं पुढे मुंबईची ओळ छापली गेली नाही. मग उलट केलं. फाइली आम्ही ढकलल्या. आमचा रूट जागेवर राहिला, आणि फोनवरून आवाज आला, "मॅडम, आता माझ्याकडून तुम्ही गेलात." ऑपरेटरने तो कागद फाडून घडी घातला आणि विचारलं, "मी रीस्टार्ट केलं नसतं तर?" मी म्हटलं, "तरी पडलं असतं, आणि तरी परत आलं असतं."

माझा अहवाल टाइप होऊन वर गेला तोपर्यंत मार्च संपला होता आणि त्याच्या कंत्राटाला मुदतवाढ मिळाली नव्हती. अहवाल मान्य झाला. तो परत आला नाही. मी बोलले होते, लिहूनही दिलं होतं. त्या इमारतीत माझ्या शब्दाला तेवढंच वजन होतं. 'लाइनच खराब होती' असं कुणी म्हणालं की मला राग येतो तो यासाठी.

मग तुम्ही म्हणता, हे काय आपल्याकडच्याच स्वस्त यंत्रणेचं दुखणं. तसंही नाही. ज्या आर्पानेटपासून, इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकी नेटवर्कपासून, हे सगळं सुरू झालं, तिथेही मार्ग ठरवण्याची रीत पुन्हा पुन्हा बदलावी लागली. १९६९ च्या पद्धतीत रांगेची लांबी बघून वाट निवडायचे. १९७९ मध्ये ती बदलून दर दहा सेकंदांच्या सरासरी विलंबावर नवी पद्धत आणली. भार कमी असताना ती उत्तम चालली. भार वाढला की भरलेल्या लाइनवरून सगळे एकदम उठून दुसरीवर जायचे, पहिली ओस पडायची, मग सगळे परत. घाटात एका रस्त्यावर कोंडी आहे म्हणून सगळ्यांनाच जुन्या रस्त्याने पिटाळावं तसं. १९८७ मध्ये खन्ना आणि झिंकी यांचं सुधारित माप बसवलं. त्यात लाइन कितीही भरली तरी ती एका मर्यादेपलीकडे महाग दाखवायची नाही आणि एका वेळी फार बदल करायचा नाही, असं ठरवलं. बदलत्या भाराकडे बघणं त्यांनी सोडलं नाही. बघून घाबरणं कमी केलं.

आम्ही काय केलं? मुंबईचा रूट हाताने पक्का घातला, स्टॅटिक. संध्याकाळचं पडणं त्या दिवशी थांबलं, आणि तेव्हाच्या मला वाटलं की प्रश्न संपला. पुढे एका पावसाळ्यात खोदकामात केबल खरंच तुटली. उपग्रहाची वाट चालू असूनही आमचं मशीन रात्रभर मेलेल्या लाइनमध्ये पॅकेटं टाकत राहिलं, कारण आम्हीच त्याला तसं सांगितलं होतं.

तेव्हाची मी म्हणते, रोज संध्याकाळी शंभर माणसांचं काम थांबण्यापेक्षा वर्षातून एक रात्र गेलेली बरी. आजची मी म्हणते, ती १८० सेकंदांची मुदत वाढवायची होती, न्यूज रात्री उशिरा घ्यायची होती, राउटिंगच्या पॅकेटाला रांगेत पुढे जागा द्यायला प्रोग्रॅम बदलून घ्यायचा होता. त्यावर ती विचारते, सोर्स कोड कुठे होता तुझ्याकडे? आणि मुदत वाढवली असतीस, तर खरी तुटलेली लाइन ओळखायलाही तितकाच उशीर झाला असता. तिचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. माझंही मी मागे घेत नाही.